घर देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा

चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाच्या आवारात हजरत गैबीशाह वली यांचा दर्गा आहे. मोहरममध्ये कारागृहाचा दरवाजा भाविकांसाठी उघडतो आणि हिंदू-मुस्लिम सगळेच आत जातात. पण त्याच दरवाजातून शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाला आपल्या मोहल्ल्यात भाड्याने खोली मिळणे कठीण असते. "त्याच्यावर केस आहे," एवढे कुणी सांगितले की घरमालक हात जोडतो. मग त्याची बायको-मुले या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे फिरत राहतात. मुलांची शाळा सुटते, हे आम्ही शिक्षक म्हणून पाहतो.

घरमालकाची काळजी खोटी नसते. घरात लेकीबाळी असतात. म्हणून चौकशी जरूर करावी, पण ती पूर्ण करावी. आम्हाला तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात.

पहिला, केस कशाची? चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती, ती 2021 मध्ये उठली. गडचिरोलीत 1993 पासूनची बंदी कायम आहे. म्हणजे वैनगंगेच्या अलीकडे परवानगी असलेली बाटली पलीकडे नेली की गुन्हा होतो. दारू आपल्याला हरामच. पण अशी केस आणि मारहाणीची किंवा बाईमाणसाला त्रास दिल्याची केस एकाच मापाने मोजता येत नाही.

दुसरा, निकाल काय लागला? गुन्हा नोंदवला म्हणजे सिद्ध झाला असे नाही. मुंबई लोकल स्फोट खटल्यात अब्दुल वाहिद शेख हे शिक्षक नऊ वर्षे तुरुंगात राहून 2015 मध्ये निर्दोष सुटले. खटल्याचा क्रमांक असेल तर ई-कोर्टच्या संकेतस्थळावर स्थिती पाहता येते. निकालाची प्रतही मागता येते.

तिसरा, त्याला किती वर्षे झाली आणि त्यानंतर माणूस कसा वागला? जिथे काम करतो तिथे विचारा, आधीच्या घरमालकाला विचारा. अल्पवयात हातून घडलेल्या चुकीचा डाग पुढे आयुष्यभर अपात्रता ठरू नये, असे 2015 चा बाल न्याय कायदाही सांगतो.

हे प्रश्न आधी त्या माणसालाच विचारावेत आणि त्याचे म्हणणे ऐकावे. सूरह हुजुरातमध्ये ऐकीव खबरीची शहानिशा करण्याची ताकीद आहे. समजलेली गोष्ट मोहल्लाभर करू नये. केस आहे म्हणून दुप्पट डिपॉझिट मागू नये.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. ही माहिती देणे म्हणजे पोलिसांची परवानगी मागणे नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार केला तर मुदत संपल्यावर दोघांनाही पुन्हा विचार करता येतो.

आपल्यापैकी अनेकांना केवळ नाव ऐकून घर नाकारले गेले आहे. त्यामुळे न विचारता मिळालेला नकार किती बोचतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मोहल्ल्यातल्या चार वडीलधाऱ्यांनी अशा एखाद्या कुटुंबाची ओळख दिली, सुरुवातीचे काही महिने लक्ष ठेवले, तर घरमालकालाही धीर येईल. जून महिन्यात शाळा सुरू होण्याआधी हे झाले तर मुलांचे वर्ष वाचेल.