पेशीकडे फूटपट्टी नसते

भंडारा जिल्ह्यात पाऊस लागला की मामा तलावांच्या काठाला, बोड्यांमध्ये, धानाच्या बांध्यांमध्ये पाण्यावर हिरवी झाक येते. असं साचलेलं गोडं पाणी हे शैवालांचं घर. त्यांपैकी जगभर आढळणारं क्लॅमिडोमोनास म्हणजे जेमतेम १० मायक्रॉनची, अर्थात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, एकच पेशी. दोन कशाभिका हलवत ती पोहते. कशाभिका म्हणजे शेपटीसारखे बारीक धागे. दोन्ही सारख्याच लांब, १० ते १२ मायक्रॉन.

ही बरोबरी राखतं कोण?

अमेरिकेतले जोएल रोझेनबाम आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये यातली एकच कशाभिका तोडून पाहिली. तुटलेली पुन्हा वाढू लागली, यात नवल नव्हतं. पण धडधाकट होती ती चक्क आखडू लागली! दोघींची लांबी सारखी झाली आणि मग त्या जोडीनं वाढत मूळ मापाला आल्या.

कशाभिकेत प्रथिनं तयार होत नाहीत. सगळा माल पेशीच्या मुख्य भागातून येतो, आणि साठा दोघींत एकच. ही मालवाहतूक १९९३ मध्ये रोझेनबाम यांच्याच प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसली. टोकाशी जुने तुकडे सतत गळतात, नवे बसतात. वॉलेस मार्शल आणि रोझेनबाम यांनी २००१ मध्ये मांडलं, की गळतीचा वेग लांबीप्रमाणे बदलत नाही. बसण्याचा वेग मात्र लांबी वाढते तसा मंदावतो. दोन्ही वेग जुळले की वाढ थांबते. माप कुठेही लिहून ठेवलेलं नसतं, ते या हिशेबातून निघतं. लांबी वाढल्यावर पुरवठा नेमका कशामुळे मंदावतो, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

हे शैवालापुरतं राहिलं असतं तर फार कुणी लक्ष दिलं नसतं. पण २००० मध्ये असं दिसलं, की या वाहतुकीतल्या एका प्रथिनाचं जनुक उंदरात बिघडलं, तर मूत्रपिंडातले असेच सूक्ष्म धागे आखूड राहतात. त्या उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी होतात.

पेशीच्या आतल्या भागांच्या मापाचा भंडाऱ्याच्या जिव्हाळ्याचा दाखला म्हणजे धान. भौगोलिक मानांकन मिळालेला इथला चिन्नोर असो की साधा तांदूळ, दाण्यातला स्टार्च लवक नावाच्या पिशव्यांत साठतो, आणि एकेका पिशवीत अनेक कोनाकृती कण दाटीनं बसलेले असतात. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये धानाचं एक उत्परिवर्तित वाण तपासलं. एका प्रथिनातलं फक्त एक अमिनो आम्ल बदललं होतं. तेवढ्यानं स्टार्चचे कण मोठे झाले, आणि लवकांचाही आकार वाढला.