फुटक्या टाइलांचे टेबल : फरशी कारागिरांसाठी एक जोडधंदा

कापडाच्या धंद्यात ठाण संपल्यावर उरलेला तुकडा आम्ही फेकत नाही, कटपीस म्हणून विकतो. टाइलच्या धंद्यात मात्र पेटीत फुटून आलेली टाइल आणि फरशी बसवताना उरलेले काप मलब्याबरोबर जातात. पावसाळ्यात बांधकामे थंडावली की फरशी कारागिरांची रोजी अडते. त्या दिवसांत याच तुकड्यांतून बागेत ठेवण्याचे मोझॅक टेबल तयार करता येते. ते कसे करावे आणि त्याचा भाव कसा काढावा, हे आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

हे काम नवे नाही. गच्चीवर आपण ज्याला चायना मोझॅक म्हणतो, तेच हे. बार्सिलोना शहरात गौदी या वास्तुकाराने १९०० ते १९१४ या काळात ग्वेल बाग उभारली. तेथील लांबलचक बाक फुटक्या टाइलांनी मढवलेला आहे. चंदीगडमध्ये नेकचंद यांनी फुटकी भांडी, बांगड्या व टाकाऊ माल यांतून रॉक गार्डन घडवले. ते १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

चौकट आणि पाट

बागेतले टेबल ऊन-पावसात राहणार, म्हणून पाटासाठी प्लायवूड घेऊ नये. ते ओलाव्याने फुगते आणि वरचे तुकडे उखडतात. त्याऐवजी दोन फूट चौरस, एक इंच जाडीची शहाबादी फरशी घ्यावी. खडबडीत बाजू वर ठेवावी.

जालन्यात लोखंडाला तोटा नाही. दीड इंची अँगलची चौकट व एक इंची अँगलचे २८ इंची पाय वेल्डिंग करून घ्यावेत. खालून दोन आडव्या पट्ट्या द्याव्यात. रेड ऑक्साइडवर ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. फरशी व चौकट यांत चहूबाजूंनी एक सूत फट ठेवून ती शेवटी सिलिकॉनने भरावी. उन्हाळ्यात लोखंड व दगड सारखे फुगत नाहीत, फट नसेल तर कडेचे तुकडे सुटतात. तयार टेबल चाळीस-पंचेचाळीस किलो भरते, त्यामुळे वाऱ्याने उलटत नाही.

तुकडे बसवणे

टाइल गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडावी. डोळ्यांवर चष्मा हवाच. कटरने कापायची असेल तर पाणी मारून व तोंडाला मास्क बांधून कापावी, कारण ती धूळ फुफ्फुसाला घातक असते. तुकडे इंच-दीड इंचाचे असावेत आणि कडेच्या धारा दगडावर घासाव्यात.

आधी सर्व तुकडे कोरडेच मांडून नक्षी जुळवावी. मग चिकटवण्याकडे नीट लक्ष द्यावे. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती धरत नाही. अशा टाइलसाठी पेटंट अ‍ॅडेसिव्हच वापरावे. सर्व तुकडे एका पातळीत दाबावेत, नाहीतर टेबलावर पेला डगमगतो. एक दिवस वाळल्यावर सांध्यांत ग्राउट भरावे आणि ते कडक होण्याआधी ओल्या स्पंजने पुसावे. नंतर दोन-तीन दिवस सावलीत ठेवावे. साफ करण्यासाठी अ‍ॅसिड वापरू नये, ते सांधे खाते.

भाव कसा काढावा

तुकडे फुकट मिळाले म्हणून टेबल स्वस्तात देणे हा तोट्याचा व्यवहार आहे. फरशी, लोखंड, वेल्डिंग, अ‍ॅडेसिव्ह, ग्राउट, रंग आणि टेंपोभाडे यांची वहीत नोंद करावी. त्यात आपल्या हाताची मजुरी, साइटवर जेवढी मिळते तेवढीच, दिवसांच्या हिशेबाने मिळवावी. हात बसेपर्यंत एका टेबलाला दोन-तीन दिवस सहज जातात. त्यानंतर नफा धरावा. मजुरी आणि नफा या दोन वेगळ्या रकमा आहेत. जो त्या एकत्र करतो, तो स्वतःच्या दुकानात स्वतःच रोजंदार राहतो.

गिऱ्हाईक धाबे, मंगल कार्यालये, शाळा व शेतघरे यांत शोधावे. सुरुवातीला एकच टेबल करून एक पावसाळा उघड्यावर ठेवावे. एकही तुकडा सुटला नाही, तर तेच टेबल गिऱ्हाइकाला दाखवावे आणि पुढची ऑर्डर आगाऊ रक्कम घेऊनच स्वीकारावी.