विम्याचा अर्ज कोणी भरावा?

आयुष्याचा विमा उतरवताना हप्ता किती, बोनस किती, हे आपण खोदून खोदून विचारतो. प्रस्तावपत्रक मात्र एजंटाच्या हाती देऊन खाली नुसती सही ठोकतो. खरी मेख तिथंच आहे. “मधुमेहाचं कशाला लिहिता? हप्ता उगाच वाढेल,” असा सल्ला मिळतो, आणि तो गोडही लागतो! पण सही आपली, तेव्हा जबाबदारीही आपलीच.

१९३८ च्या विमा कायद्याचं ४५ वं कलम पाहा. २०१५ सालच्या दुरुस्तीनंतर, पॉलिसीला ३ वर्षं पुरी झाली की कोणत्याही कारणावरून तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. त्याआधी मात्र महत्त्वाचा आजार दडवला म्हणून कंपनी दावा नाकारू शकते, आणि तो नकार ऐकायला आपण नसतो, घरची माणसं असतात. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली, तर ही ३ वर्षं नव्यानं मोजतात. हे फारसं कुणी सांगत नाही.

तेव्हा आजार, औषधं, शस्त्रक्रिया, सारं स्वतः लिहा. पॉलिसी हाती आली की अर्जाची नक्कल ताडून पाहा. काही खटकलं, तर ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते; तेवढ्या दिवसांची जोखीम, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांकशुल्क वजा जाऊन हप्ता परत मिळतो.