आठ महिने नव्हे, वीस वर्षे

हार्वर्ड विद्यापीठातील जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, पोटातील मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग झाल्याचे निदान झाले. ग्रंथालयात जाऊन त्यांनी माहिती काढली, तर निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक होता अवघा आठ महिने. ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकावी, असाच हा आकडा!

पण आकडेशास्त्र गूल्ड यांच्या रोजच्या कामातले होते. निम्मे रुग्ण आठ महिन्यांत दगावतात, याचाच अर्थ निम्मे त्याहून अधिक जगतात. त्यांतले काही तर कित्येक वर्षे. आपले वय कमी, उपचार उत्तम, जगण्याची उमेद दांडगी. मग आपण दुसऱ्या निम्म्यात का नसू, असा त्यांनी विचार केला. शस्त्रक्रिया, केमोथेरपी सोसतानाही त्यांनी आपले मासिक सदर एकदाही चुकवले नाही. ते आणखी वीस वर्षे जगले. २००२मध्ये त्यांचे निधन झाले, ते वेगळ्याच कर्करोगाने.

नुसत्या मनोबलाने कर्करोग बरा होत नाही. पण डॉक्टरांनी आकडा सांगितला, तर तो कोणत्या वयाच्या रुग्णांचा, कोणत्या उपचारांनंतरचा, हे जरूर विचारावे. मरण कोणालाच चुकलेले नाही. मात्र त्याच्या धास्तीने हातातले दिवस आधीच सोडून देऊ नयेत.