कान देऊन हेरलेल्या तोफा

पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा, ऑगस्ट १९१४मध्ये, लॉरेन्स ब्रॅग ‘लेस्टरशायर रॉयल हॉर्स आर्टिलरी’त रुजू झाला. ही ब्रिटनच्या टेरिटोरियल फोर्समधली, म्हणजे एरवी आपापला कामधंदा सांभाळणाऱ्या राखीव सैनिकांची तोफखाना-तुकडी. लेस्टरशायर हा तेव्हा कोल्ह्यांच्या शिकारीसाठी नावाजलेला मुलूख. तिथे घोड्यावर पक्की मांड हवी. आणि हा केंब्रिजचा भौतिकशास्त्रज्ञ, क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना उलगडणारा! तुकडी पुढे इजिप्त-पॅलेस्टाईनच्या वाळवंटात लढली. ब्रॅगला मात्र १९१५मध्ये फ्रान्सला धाडलं, नजरेआडची शत्रूची तोफ आवाजावरून हुडकायला. त्याच वर्षी, पंचविशीत, त्याला वडिलांसोबत नोबेल मिळालं. धाकटा भाऊ गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला तोही त्याच वर्षी.

तत्त्व सोपं होतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सहा मायक्रोफोन अंतराअंतरावर मांडले, तर तोफेचा आवाज प्रत्येकाकडे थोडा मागेपुढे पोचतो. दोघांमधला वेळेचा फरक कळला की नकाशावर एक वक्र काढता येतो. असे वक्र जिथे छेदतात तिथे तोफ. पण त्या वेळचे कार्बन मायक्रोफोन पुढे धावणाऱ्या गोळ्याचा कडाका आणि बंदुकांचे बार इमानेइतबारे टिपायचे, तोफेचा खोल ‘धुम्म’ मात्र त्यांना ऐकूच येत नसे.

वाट सापडली ती चक्क संडासात. जवळची तोफ उडाली की कानाला फारसं काही जाणवत नसे, पण बसलेल्या ब्रॅगचं बूड बैठकीवरून उचललं जाई! खालच्या भोकातून हवेचा लोट येई. ब्रॅगसोबत काम करणाऱ्या कॉर्पोरल टकरलाही झोपडीच्या भिंतीतल्या फटींतून तशाच गार झुळका लागत. तापलेली तार वाऱ्याने कशी निवते, हा टकरचा युद्धापूर्वीचा अभ्यास. दारूगोळ्याच्या पेटीला भोक पाडून त्यावर प्लॅटिनमची बारीक तार ताणली, विजेने तापवली. तोफ उडाली की तार क्षणभर निवे, तिचा रोध बदले आणि सिनेमाच्या फितीवरची रेघ झोकांडी खाई. बंदुकांचे बार तारेच्या खिजगणतीतही नसत.

अडचण उरली ती वाऱ्याची. पश्चिमेचा वारा सुटला की समोरून, पूर्वेकडून येणारा आवाज वरच्यावर निघून जाई, आणि तिथे वारा बहुधा पश्चिमेचाच.

तरीही ९ एप्रिल १९१७ला कॅनडाच्या फौजेने व्हिमीच्या टेकडीवर चढाई केली, तेव्हा समोरच्या बहुतेक जर्मन तोफांची ठिकाणं आधीच नकाशावर आलेली होती. ते काम सांभाळणारा अँड्र्यू मॅकनॉटन हा पेशाने विद्युत अभियंता, कॅनडाच्या राखीव मिलिशियातला तोफखाना-अधिकारी.