इंजिन आधी, यंत्र नंतर

1951 साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं आठ सिलिंडरचं ‘फायरपॉवर’ इंजिन बाजारात आणलं. ताकद 180 अश्वशक्ती, वजन तीनशे किलोच्या वर. पुढं ही इंजिनं भंगारात मिळू लागली आणि कॅलिफोर्नियातली तरुण पोरं ती 1932 च्या फोर्डच्या हलक्या सांगाड्यात बसवू लागली. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. इंजिन आधी हाती लागतं, गाडी त्याच्याभोवती नंतर उभी राहते. हा नाद त्याहूनही जुना. काउंट झ्बोरोव्हस्कीनं 1921 मध्ये मर्सिडीजच्या सांगाड्यावर मेबाख कंपनीचं 23 लिटरचं विमानाचं इंजिन चढवून इंग्लंडच्या ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर शर्यती मारल्या होत्या.

जवळपास त्या फायरपॉवरच्याच वजनाचं एक इंजिन आपल्याकडच्या विहिरींवर आणि गिरण्यांत चालायचं. त्याची ताकद होती 6 अश्वशक्ती.

इंग्लंडमधल्या डर्स्लीच्या लिस्टर कंपनीनं 1929 मध्ये काढलेल्या घडणीचं हे इंजिन. सिलिंडर एक, दोन्ही अंगांना दोन दांडगी चाकं, मिनिटाला फक्त 650 फेरे. इंग्लंडमध्ये ते 1987 मध्ये बंद झालं, पण राजकोटच्या कारखान्यांनी तीच घडण पुढं चालू ठेवली. सोबतीला 1946 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची जरा चपळ, 1500 फेऱ्यांची इंजिनं होतीच. सुरू करायची रीत मात्र सारखी. खटका उचलून सिलिंडरमधला दाब सोडायचा, हँडल मारून चाकांना वेग द्यायचा आणि वेग भरला की खटका खाली पाडायचा. पहिला ठोका बसला की हँडल काढून बाजूला व्हायचं. वीज आली, मोटारी बसल्या आणि ही धुडं गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली. विकावं तर भंगाराचा भाव, ठेवावं तर जागा अडते.

असं इंजिन जुन्या जीपमध्ये बसवलं तर काय होईल? हिशेब मांडला की इंजिनाचा स्वभाव कळतो. सहा अश्वशक्ती आणि 650 फेरे म्हणजे टॉर्क साधारण 65 न्यूटन-मीटर. मारुती 800 चा जास्तीत जास्त टॉर्कही साठच्याच आसपास. म्हणजे ओढ आहे, वेग नाही. जीपच्या मागच्या धुरीत 5.38 ला एक असा गिअर आणि चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला, तर टॉप गिअरमध्ये गाडी ताशी सोळा किलोमीटरनं चालेल. पट्ट्याच्या पुल्या बदलून फेरे दुप्पट केले तर बत्तीस, पण मग ओढ निम्मी होते आणि पहिल्याच चढाला गाडी दम टाकते.

वजनाचं दुखणं याहून मोठं. तीनशे किलोचा गोळा पुढच्या धुरीवर आला की कमानपाटे बसतात, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक मारला की सगळा भार नाकावर येतो. म्हणून हॉट रॉडवाले इंजिन आणि बैठकीमधला पडदा कापून इंजिन मागं सरकवतात. लिस्टरला तेवढ्यानं भागत नाही. त्याचा ठोका सेकंदाला पाचच वेळा पडतो आणि प्रत्येक ठोक्याला सांगाडा हादरतो. त्यात त्या दोन चाकांत साठलेला जोर असा, की क्लच झटक्यात सोडला तर जॉइंटच तुटावा. विहिरीवर याला सिमेंटच्या चौथऱ्यात बोल्टांनी जखडायचे ते उगाच नव्हे.

उत्तर हिंदुस्थानात अशा इंजिनांवर ‘जुगाड’ गाड्या निघाल्या. त्याही मोटार वाहनंच आहेत, त्यांना कायदा लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये सांगितलं. गाडीच्या मूळ घडणीत फेरफार करता येणार नाहीत, असा निकाल 2019 मध्ये आला. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये वेगळी नोंदणी सुरू झाली, तीही मूळ रूप राखलेल्यांनाच. आपल्या रस्त्यावर हॉट रॉडला जागा नाही, आणि ब्रेकचा विचार केला तर हे मला योग्य वाटतं.

पण इंजिनाभोवती यंत्र बांधायची कला बीडमध्ये आहे. ती रस्त्यावर दिसत नाही, विहिरीवर दिसते. तिचं नाव यारी. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या माळावर उन्हाळ्यात विहिरीचं काम निघालं की काठावर यारी उभी राहते. लोखंडी पाया, वर फिरणारा लांब हात, त्याच्या टोकाच्या चाकावरून विहिरीत उतरणारी तार. डिझेल इंजिन, जुन्या गाडीचा गिअरबॉक्स आणि तार गुंडाळायचा ड्रम हे तिचं पोट. बांधणारा गावचाच वेल्डिंगवाला. नकाशा त्याच्या डोक्यात असतो आणि सामान भंगाराच्या दुकानात.

गाडीला जे नडतं, ते यारीला हवं असतं. पन्नास फुटांवरून काळ्या दगडानं भरलेली बकेट उचलायला वेग लागत नाही, सावकाश आणि न थांबणारी ओढ लागते. भार आला की गव्हर्नर डिझेल वाढवतो, आवाज जड होतो, तरी चाकं फिरत राहतात. वजनाचंही तसंच. इंजिन हाताच्या मागच्या अंगाला बसवलं की पुढच्या ओढीला तेच तोल देतं. हॉट रॉडवाला ज्या किलोंशी झगडतो, ते किलो इथं कामाला लागतात. जुन्या इंजिनाचा इतका नेमका उपयोग मी दुसरीकडं पाहिलेला नाही.

या कारागिरीला दाद मिळत नाही आणि तपासणीही होत नाही, याचं मला वाईट वाटतं. यारीची तार तुटली किंवा ब्रेक सुटला, तर बकेट खाली राबणाऱ्या माणसांवर येते. अशा अपघातांच्या बातम्या मराठवाड्यात नव्या नाहीत. ड्रमला इंजिनापासून वेगळा, आपोआप पकडणारा ब्रेक असावा. बकेटच्या आकड्याला खटक्याची जीभ असावी. तारेचे धागे सुटू लागले की ती त्याच दिवशी बदलावी आणि माणसं त्या तारेवर चढवू-उतरवू नयेत. दातेरी चाक आणि खटका बसवणं वेल्डिंगवाल्याला एका दिवसाचं काम आहे. तालुक्याच्या आयटीआयनं हंगामाआधी, चैत्रात, एकदा यारीवाल्यांना बोलावून भार टांगून प्रत्येक यारी तपासून द्यावी. यारीवाले येतील, कारण खाली उतरणारी माणसं बहुतेकदा त्यांच्याच गावची असतात.