देणगीचा अर्ज आणि हिशेबाची वही

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले आणि मोठ्या कंपन्यांच्या दानधर्माला प्रथमच कायदेशीर बंधनाचे रूप मिळाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांहून कमी नाही, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजोपयोगी कामांवर खर्च करावेत, अशी ही तरतूद. सर्वत्र ती ‘सीएसआर’ याच नावाने ओळखली जाते. २०१४-१५ मध्ये तिच्याखाली सुमारे १० हजार कोटी रुपये खर्च झाले. २०२३-२४ मध्ये हा आकडा ३५ हजार कोटींच्या घरात पोहोचला. हा पैसा कोणाच्या हाती जातो, हा प्रश्न मात्र कायद्याने सोडवलेला नाही. इंग्रजीत सफाईने अहवाल लिहिणाऱ्या महानगरी संस्थांना तो सहज गवसतो. तालुक्याच्या गावी वीस-वीस वर्षे काम करणाऱ्या संस्था बहुधा दाराबाहेरच राहतात.

निवृत्तीनंतर मी बंगळुरूच्या उत्तरेस येलहंका येथे राहतो. बंगळुरूचे संस्थापक केंपेगौडा यांच्या घराण्याचे हे मूळ ठाणे. आज येथे रेल्वेचा चाक कारखाना आहे, हवाई दलाचा तळ आहे आणि देवनहळ्ळीच्या विमानतळापर्यंत वाढत गेलेली नवी वस्ती आहे. या परिसरातील लहान संस्थांची माणसे आपले प्रस्ताव दाखवायला माझ्याकडे येतात. कोणी दिव्यांग मुलांची शाळा चालवते, कोणी बांधकाम मजुरांच्या मुलांचे वर्ग. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: “सर, त्या कंपनीत तुमच्या ओळखीचे कोणी आहे का?” हा प्रश्न अनुभवातून आलेला असतो, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. तरीही सरकारी सेवेत आयुष्यभर टेबलाच्या पलीकडून अर्ज वाचल्यावर माझे मत असे झाले आहे, की ओळखीने फार तर भेटीची वेळ मिळते. अनुदान मिळते आणि पुढच्या वर्षी टिकते, ते हिशेबाने.

महाराष्ट्राला हे नवे नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला आपल्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव द्यावे अशी अट घातली. ती देणगी आली तेव्हा विद्यापीठ चार वर्षांचे होते. पण १८९६ मधील अनाथ बालिकाश्रमापासून धरले, तर कर्व्यांच्या कामाला जवळजवळ पाव शतक झाले होते. देणाऱ्यासमोर कल्पना नव्हती, उभे राहिलेले काम होते. देणगीबरोबर अट येते आणि अट मान्य करण्यापूर्वी आपल्या कामाचा गाभा कोणता हे संस्थेला ठाऊक असावे लागते, हे दोन्ही धडे त्या व्यवहारात आहेत.

आजच्या नियमांनी हीच अपेक्षा लेखी केली आहे. बाहेरच्या संस्थेमार्फत काम करून घ्यायचे, तर ती संस्था नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्था, नोंदणीकृत सोसायटी किंवा कलम ८ खालील कंपनी असली पाहिजे. तिच्याकडे आयकर खात्याच्या १२-ए आणि ८०-जी या नोंदण्या हव्यात. आणि तशाच स्वरूपाच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. १ एप्रिल २०२१ पासून यात ‘सीएसआर-१’ या नमुन्याची भर पडली आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो भरावा लागतो, सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापाल यांच्याकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो आणि त्यानंतर संस्थेला नोंदणी क्रमांक मिळतो. हा क्रमांक नसेल तर सद्भावना असूनही कंपनीला त्या संस्थेमार्फत हा निधी खर्च करता येत नाही. आयकराच्या नोंदण्याही आता कायमच्या राहिलेल्या नाहीत. मुदतीपूर्वी त्यांचे नूतनीकरण करावे लागते. अनेक चांगले प्रस्ताव गुणवत्तेपर्यंत पोहोचतच नाहीत; ते या कागदांपाशी अडतात.

कागद जमले की प्रश्न येतो कोणत्या दारावर जायचे याचा. येलहंक्यातील एका तरुण मंडळाचा पहिला विचार चाक कारखान्याकडे अर्ज करण्याचा होता, कारण डोळ्यांसमोर तोच सर्वांत मोठा होता. परंतु तो रेल्वेचाच एक विभाग आहे, कंपनी नव्हे. त्यामुळे कलम १३५ त्याला लागू होत नाही. याउलट बंगळुरूतच मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांना ते लागू होते. इन्फोसिस फाउंडेशनसारखी प्रतिष्ठाने कंपनीच्या सीएसआर निधीतून काम करतात. अझीम प्रेमजी फाउंडेशन मात्र प्रामुख्याने व्यक्तिगत संपत्तीच्या दानातून उभे आहे. पहिल्या प्रकारात कंपनी कायद्याच्या चौकटीत राहावे लागते. दुसऱ्यात दात्याला अधिक मोकळीक असते. अर्जाची भाषा त्यानुसार बदलावी लागते.

कंपनीचे मन ओळखण्यासाठी मध्यस्थ लागत नाही. संकेतस्थळ असलेल्या प्रत्येक पात्र कंपनीने आपले सीएसआर धोरण, समितीच्या सदस्यांची नावे आणि संचालक मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प तेथे प्रसिद्ध करावेत, असा नियम आहे. हे वाचून ज्या कंपनीचे क्षेत्र आणि भूगोल आपल्या कामाशी जुळतो अशा पाच कंपन्या निवडाव्यात. एकच अर्ज पन्नास ठिकाणी पाठवणे म्हणजे तो कोठेच न पाठवणे होय. काम कायद्याच्या सातव्या अनुसूचीतील कोणत्या विषयात बसते, हे अर्जाच्या पहिल्याच पानावर सांगावे. कंपनीच्या जाहिरातीसाठीचे प्रायोजकत्व, केवळ तिच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाचे उपक्रम आणि राजकीय पक्षांना देणग्या या कक्षेबाहेर आहेत.

मूळ प्रस्ताव पाच-सहा पानांहून मोठा असू नये. प्रश्न कोणाचा आणि किती जणांचा, आज त्यांची स्थिती काय, आपण नेमके काय करणार, वर्षअखेर काय मोजून दाखवणार आणि पैसा संपल्यावर काम कसे चालणार, या पाच गोष्टी त्यात असाव्यात. “शिक्षणाचा दर्जा उंचावू” या वाक्याला किंमत नसते; “तिसरीतील साठ मुलांपैकी आज किती मुले परिच्छेद वाचतात आणि मार्चमध्ये किती वाचतील” याला असते.

अंदाजपत्रकात संस्था एका गैरसमजापायी स्वतःचे नुकसान करून घेतात. प्रशासकीय खर्चावरील पाच टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावर आहे. शिक्षिकेचा पगार, परिचारिकेचा प्रवास, प्रकल्पाची देखरेख हे प्रकल्पाचेच खर्च होत आणि ते पूर्ण दाखवले पाहिजेत. ते लपवून स्वस्त प्रस्ताव देणारी संस्था शेवटी कार्यकर्त्यांच्या पोटाला चिमटा काढते.

वेळेचेही भान हवे. कंपनीचा वार्षिक कृती आराखडा समितीच्या शिफारशीने संचालक मंडळ मंजूर करते. म्हणून नव्या वर्षासाठीचे बोलणे आधीच्या हिवाळ्यात सुरू व्हावे. बहुवर्षीय प्रकल्पाला सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत मुभा आहे आणि त्याची अखर्चित रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. अन्य अखर्चित रक्कम सहा महिन्यांत सातव्या अनुसूचीतील एखाद्या निधीत जमा करावी लागते. कसूर झाल्यास कंपनीला दंड होतो. शिवाय दिलेला पैसा ठरलेल्या कामीच लागला, असे कंपनीच्या वित्त प्रमुखांना प्रमाणित करावे लागते. कंपनीचा अधिकारी पावत्या, छायाचित्रे आणि तिमाही अहवाल मागतो तो या जबाबदारीपोटी. प्रत्येक अनुदानाची वेगळी खातेवही ठेवणारी संस्था त्याचे काम सोपे करते, आणि पुढच्या वर्षी त्याला पहिली आठवते ती तीच.

मात्र सगळा भार लहान संस्थांवर टाकणे न्याय्य नाही. कायदा कंपनीला आपल्या परिसराला प्राधान्य देण्यास सांगतो. हे प्राधान्य बंधनकारक नसल्याचे मंत्रालयाने स्पष्ट केले असले, तरी जेथे कंपन्या तेथे पैसा, हा परिणाम दिसतो. सीएसआर खर्चात महाराष्ट्र देशात अग्रस्थानी आहे, पण त्यात मुंबई-पुण्याचा वाटा आणि आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतील गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव यांचा वाटा यांची तुलना होऊ शकत नाही. कर्नाटकात बंगळुरू आणि रायचूर-यादगीर यांच्यात तेच अंतर आहे.

हे अंतर कमी करण्यासाठी नवा कायदा लागणार नाही. कंपन्यांनी प्रस्ताव मराठीत, कन्नडमध्ये स्वीकारावेत. पहिल्या वर्षी लहान रक्कम आणि हिशेब चोख निघाल्यास तीन वर्षांची हमी, अशी पायरी ठेवावी. नाकारलेल्या अर्जाला दोन ओळींचे कारण द्यावे. जिल्हाधिकारी कार्यालयांनी पात्र संस्थांची तपासलेली यादी ठेवून ती कंपन्यांपुढे मांडावी. यातले काहीही खर्चिक नाही. दोन टक्क्यांचे बंधन पैसा बाहेर काढण्यापुरते पुरेसे ठरले. तो सर्वाधिक गरजेच्या ठिकाणी पोहोचवण्याचे काम कंपनीच्या समितीला, जिल्हा प्रशासनाला आणि संस्थेच्या खातेवहीला मिळूनच करावे लागेल.